आधी छर्रे, मग बंदूक

१० मीटर एअर रायफलच्या टार्गेटच्या अगदी मध्यावर एक पांढरा ठिपका असतो. त्याचा व्यास अर्धा मिलिमीटर. वहीत बॉलपेनने दिलेला पूर्णविराम साधारण तेवढाच भरतो. छर्रा ४.५ मिलिमीटरचा, म्हणजे ठिपक्याच्या नऊपट रुंद, आणि तो ठिपक्याला नुसता चाटून गेला तरी दहा गुण मिळतात. त्यामुळे छर्ऱ्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत असला की झाले दहा. आजच्या रायफल स्पर्धांत मात्र तेवढ्यावर भागत नाही. या अडीच मिलिमीटरचेही पाव पाव मिलिमीटरचे दहा भाग केलेले असतात आणि १०.० पासून १०.९ पर्यंत दशांशात गुण मोजले जातात. हे ऐकलं की मुलाला किंवा मुलीला नेमबाजीत घालू पाहणारे पालक एकच निष्कर्ष काढतात: इतका बारकावा यंत्राशिवाय येणार नाही, तेव्हा आधी चांगली बंदूक हवी. परदेशी बनावटीच्या मॅच रायफलची चौकशी केली की आकडा लाखांत जातो आणि नेमबाजीचा विषय त्या घरात तिथेच संपतो. काही जण उलट टोकाला जातात. बाजारातली सर्वांत स्वस्त एअरगन आणून गच्चीवर डबे फोडायला लागतात आणि वर्षभराने मुलाला हे जमत नाही असं ठरवून मोकळे होतात. माझ्या मते या दोन्ही घरांची चूक एकच आहे. खर्चाचा क्रम बंदुकीपासून सुरू होतो असं दोघांनीही धरून चाललेलं असतं. तो क्रम उलटा आहे, आणि साध्या हिशेबाने तो दाखवता येतो.

संख्याशास्त्रातला एक जुना नियम इथे उपयोगी पडतो. एकमेकींशी संबंध नसलेल्या दोन चुका एकत्र आल्या की त्यांची सरळ बेरीज होत नाही. त्यांच्या वर्गांची बेरीज करायची आणि तिचं वर्गमूळ काढायचं, ती एकूण चूक. समजा, नव्याने शिकणाऱ्या मुलीच्या हाताची चूक ३० मिलिमीटर आहे आणि क्लबच्या जुन्या पिस्तुलाची स्वतःची चूक ३ मिलिमीटर आहे. एकूण चूक ३३ नव्हे, तर ३०.१५ मिलिमीटर होते. आता त्या पिस्तुलाच्या जागी एकही चूक न करणारं, जगातलं सर्वोत्तम पिस्तूल दिलं तर? चूक ३० वर येते. लाखांचा खर्च करून सुधारणा झाली ०.१५ मिलिमीटर, कागदाच्या दीड पानाच्या जाडीएवढी. हाच हिशेब अव्वल रायफल नेमबाजासाठी मांडा. त्याच्या शरीराची चूक दीड मिलिमीटर आणि बंदूक-छर्ऱ्याची एक मिलिमीटर धरली तर एकूण १.८ होते. बंदुकीची चूक शून्य केली तर १.५ उरते. इथे सहावा हिस्सा वाचला, आणि दशांशात मोजणाऱ्या खेळात सहावा हिस्सा म्हणजे अंतिम फेरीच्या आत आणि बाहेर एवढा फरक. तोच पैसा सुरुवातीला जवळजवळ वाया जातो आणि सातव्या-आठव्या वर्षी वसूल होतो. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण ते थोडे बदलून पाहिले तरी निष्कर्ष बदलत नाही.

मग हाताची ती ३० मिलिमीटर चूक येते कुठून? सगळ्यांना वाटतं हात हलतो म्हणून. पिस्तूल एका हाताने, लांब करून धरायचं असतं, ते सुमारे किलोभर वजनाचं असतं आणि हात हलतोच. अव्वल नेमबाजाचाही हलतो. पण हात हलणं हा लहान दोष आहे. पिस्तुलाला मागे एक खाच असते आणि नळीच्या टोकावर एक उभी पट्टी, तिला फोरसाइट म्हणतात. पट्टी खाचेच्या बरोबर मध्ये आणि वरची कड खाचेच्या कडेशी सपाट, अशी दिसली की पिस्तूल सरळ आहे. या दोहोंमधलं अंतर ३३ सेंटिमीटर धरा आणि टार्गेट १० मीटरवर, म्हणजे सुमारे तीसपट लांब. पट्टी खाचेत फक्त एक मिलिमीटर सरकली तर टार्गेटवर छर्रा ३० मिलिमीटर सरकतो आणि दहाचे सात होतात. आता उलट पाहा. पट्टी आणि खाच जुळलेली आहे, पण अख्खा हातच आठ मिलिमीटर उजवीकडे गेला. छर्राही आठ मिलिमीटरच उजवीकडे जातो. पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं, त्यात छर्ऱ्याची रुंदी धरली की मध्यापासून आठ मिलिमीटरपर्यंत दहाच मिळतात. म्हणजे अख्खा हात आठ मिलिमीटर सरकला तर चालतो, पण पट्टी पाव मिलिमीटरहून जास्त, एखाद्या पोस्टकार्डाच्या जाडीएवढी, सरकली तर दहा हातचे जातात.

आणि ती पोस्टकार्डाएवढी चूक बहुधा ट्रिगरवर होते. हलणारी फोरसाइट क्षणभर काळ्या गोलाखाली अगदी मनासारखी येते. नवशिक्याचा मेंदू म्हणतो, आत्ता! बोट झटका देतं, त्या झटक्याबरोबर मनगट तसूभर वळतं आणि छर्रा खाली-डावीकडे जातो. यावरचा उपाय प्रशिक्षक सांगतात तो पहिल्यांदा पटत नाही: हात हलतो तसा हलू दे, नजर टार्गेटवर नको, फोरसाइटच्या कडेवर ठेव, आणि बोटाचा दाब सावकाश वाढवत जा, इतका सावकाश की गोळी सुटल्याचं तुझं तुलाच नवल वाटलं पाहिजे. त्यात काळा गोल धूसर दिसतो आणि तो धूसरच दिसायला हवा. एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा असावा असा नियम आहे. स्पर्धेआधी नळी उभी धरून ट्रिगरला अर्ध्या किलोचं वजन अडकवतात आणि वजन उचलून धरलं तरी ट्रिगर सुटत नाही ना, हे तपासतात. अर्धा किलो म्हणजे पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली. तिच्या वजनाएवढा दाब एका बोटाने, मनगट, तळवा आणि बाकीची चार बोटं जराही न हलवता द्यायचा, हे कौशल्य आहे. बंदूक कितीही महाग घेतली तरी ते तिच्याबरोबर डब्यात येत नाही. ते हजारो वेळा बोट दाबल्यावर येतं.

यावर एक सरळ आक्षेप येतो. बंदुकीची चूक एवढी नगण्य असेल, तर गच्चीवरची स्वस्त एअरगन काय वाईट? वर्गांच्या बेरजेचा नियम दोन चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच लागू पडतो, आणि स्वस्त स्प्रिंगच्या बंदुकीत त्या स्वतंत्र नसतात. ट्रिगर दाबला की जोरदार स्प्रिंग एक जड दट्ट्या पुढे फेकते. छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच बंदूक मागे, मग पुढे असे दोन धक्के खाते. हे धक्के ती कशी खाते हे पकड किती घट्ट, खांदा किती सैल, गाल कुठे टेकला यावर ठरतं, म्हणजे शिकणाऱ्याची प्रत्येक कच्ची सवय बंदूक कैक पटींनी वाढवून टार्गेटवर उमटवते. मुलाने सगळं बरोबर केलं तरी छर्रा आठावर, आणि चुकलं तरी एखादा दहावर. केलेल्या गोष्टीचा आणि मिळालेल्या गुणाचा मेळ लागला नाही तर शिकणंच थांबतं. शिवाय स्प्रिंगची बंदूक छर्रा न घालता चालवता येत नाही. दट्ट्यासमोर हवेची गादी राहत नाही, तो धाडकन आदळतो आणि भाग मोडतात. म्हणजे सर्वांत स्वस्त सराव, ज्याला नेमबाज 'ड्राय' म्हणतात, तोच बंद होतो. आजच्या मॅच बंदुकीत सिलिंडरमध्ये सुमारे २०० बारपर्यंत दाबलेली हवा असते, झटका जवळजवळ नसतो, आणि ड्रायची सोय स्वतंत्र असते: ट्रिगरचा आवाज होतो, हवा सुटत नाही. तेव्हा माझं म्हणणं 'वाईट बंदूक चालेल' असं नाही. दुसऱ्याची चांगली बंदूक ही स्वतःच्या वाईट बंदुकीपेक्षा कितीतरी चांगली, आणि खर्चानेही कमी.

चांगली म्हणजे तरी किती नवी? १९८४ साली लॉस एंजलिसच्या ऑलिंपिकमध्ये एअर रायफलचा पहिल्यांदा समावेश झाला. फ्रान्सच्या फिलिप एबेर्लेने सुवर्णपदक जिंकलं ६०० पैकी ५८९ गुणांवर. त्या वेळचा दहाचा ठिपका आजच्याहून थोडा मोठा होता, हे मान्य. पण भरल्या सिलिंडरच्या बंदुकांचं युग तेव्हा यायचं होतं. फाइनवर्कबाउ ३००सारख्या रायफली, ज्यांत बाजूचा लिव्हर ओढून स्प्रिंग चढवायची आणि झटका बसला की नळीसकट यंत्रणा दस्त्यावरच्या रुळावरून मागे सरकून तो गिळून टाकायची, त्या पिढीच्या या बंदुका. अशी एखादी म्हातारी रायफल आजही क्लबच्या कपाटात सापडली आणि तिची सीलं बदललेली असली, तर पहिल्या दोन वर्षांत कुणाचाही स्कोअर तिच्यामुळे अडणार नाही. मऊ शिशाचा छर्रा सेकंदाला सुमारे १७० मीटरने जातो. त्याने पोलादी नळी झिजायला फार काळ लागतो. झिजतात ती रबराची सीलं, आणि ती बदलता येतात.

महाराष्ट्रातली नेमबाजी मुळात सामायिक बंदुकांवर उभी राहिली आहे, ही गोष्ट या वादात पुरेशी लक्षात घेतली जात नाही. अंजली भागवत नेमबाजीत आल्या त्या एनसीसीच्या वाटेने, आणि २००० साली सिडनीत ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत उभ्या राहिल्या. एनसीसीची रायफल ही तर सामायिक बंदुकीची व्याख्याच. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळवलं, राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे राज्य शासनाच्या क्रीडाप्रबोधिनीतून घडला आणि २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदक घेऊन आला. क्रीडाप्रबोधिनीत निवड होते ती मुलाची. त्याच्याकडे स्वतःची बंदूक आहे की नाही, हे कुणी विचारत नाही. मुंबईत वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज, पुण्यात १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभं राहिलेलं बालेवाडीचं क्रीडासंकुल, तिथेच गगन नारंगने सुरू केलेली अकादमी आणि आता जिल्ह्याजिल्ह्यांतल्या छोट्या हॉलमधल्या रेंजेस, या सगळ्यांचा अर्थ एकच की बंदुकीआधी जागा आणि माणसं मिळतात.

'पण अभिनव बिंद्राच्या घरी स्वतःची रेंज होती' हे वाक्य या टप्प्यावर कुणीतरी म्हणतंच. होती, आणि २००८ चं बीजिंगचं सुवर्ण ज्या तयारीतून आलं ती तयारी महागच होती. त्यातून सिद्ध होतं ते इतकंच की शिखरावरच्या शेवटच्या पायऱ्यांना पैसा लागतो. वरचा हिशेबही तेच सांगतो. पहिल्या पायरीलाही तो लागतो हे त्यातून निघत नाही. उलट बाजूने लोक तुर्कीच्या युसुफ दिकेचचं उदाहरण देतात. पॅरिसला साधा टी-शर्ट, रोजचा चष्मा आणि एक हात खिशात अशा थाटात त्याने मिश्र एअर पिस्तुलात रौप्य जिंकलं आणि जगभर त्याचा फोटो फिरला. हे उदाहरणही जपून वापरायला हवं. त्याच्या हातात पिस्तूल स्पर्धेचंच होतं आणि त्यामागे अनेक वर्षांचा सराव होता. त्याने दाखवलं ते असं की नेमबाजीचा खास चष्मा, झापडं, लेन्स हा सरंजाम पिस्तुलासाठी अनिवार्य नाही. चाळिशी ओलांडलेल्याने चष्म्याच्या दुकानात जाऊन हाताच्या टोकापलीकडची फोरसाइट स्पष्ट दिसेल असा नंबर साध्या फ्रेममध्ये बसवून घ्यावा, आणि नेम न धरणाऱ्या डोळ्यासमोर चष्म्याच्या काचेवर तीस मिलिमीटरहून रुंद नसलेली पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवावी. तो डोळा मिटायचा मात्र नाही. त्याने चेहरा आखडतो.

इथून मी थेट शिफारशीवर येतो: पैसा मोजका असेल तर पिस्तुलाने सुरुवात करा. रायफलच्या चाहत्यांना हे रुचणार नाही, आणि त्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. रायफल दोन हातांनी, अंगाला टेकवून धरायची असल्याने लहान मुलांना ती लवकर जमते, आणि पहिल्याच महिन्यात चांगले गुण पडल्याने उत्साह टिकतो. पण पॅरिसचे आकडे पाहा. एअर पिस्तुलात मनू भाकर पात्रता फेरीत ५८० गुणांसह तिसरी आली, म्हणजे जगातल्या सर्वोत्तमांपैकी एकीने ६० पैकी जवळपास तिसरा हिस्सा छर्रे दहाच्या बाहेर मारूनही अंतिम फेरी गाठली आणि पुढे कांस्य जिंकलं. त्याच ऑलिंपिकमध्ये रमिता जिंदालने एअर रायफलची अंतिम फेरी ६३१.५ गुणांनी गाठली: प्रत्येक छर्ऱ्याला सरासरी साडेदहा, म्हणजे मध्यापासून सव्वा मिलिमीटरच्या आसपास. एवढ्या अरुंद जागेत बंदूक, छर्ऱ्याची प्रत, जॅकेट, ट्राउझर, बूट सगळ्याचा वाटा दिसू लागतो. रायफलचं जॅकेट कॅनव्हास आणि चामड्याचं, अंगाबरोबर मापून शिवलेलं असतं, त्याची जाडी एका पदराला अडीच मिलिमीटरहून जास्त चालत नाही, ताठपणाही यंत्राने मोजतात, आणि वाढत्या वयाच्या मुलाला ते दोन वर्षांत तोकडं होतं. पिस्तुलाला यातलं काहीही लागत नाही. सपाट तळाचे, घोटा उघडा ठेवणारे बूट असले की झालं. ज्यांना रायफलच करायची आहे त्यांच्यासाठी आपल्याकडे एक चांगली वाट आहे. शालेय आणि राज्य पातळीवर 'ओपन साइट' असा वेगळा गट असतो. त्यात साध्या खाचेच्या रायफलीवर, कमी साहित्यात खरी स्पर्धा खेळता येते, आणि 'पीप साइट'च्या, म्हणजे बारीक छिद्रातून नेम धरायच्या रायफलीच्या, खर्चात पडायचं की नाही हे नंतर ठरवता येतं. वापरलेलं जॅकेट क्लबातल्या मोठ्या मुलांकडून मिळतं. त्यात कमीपणा वाटून घेण्याचं कारण नाही.

मग पैसा घालायचा कशात? आधी रेंजच्या वर्गणीत आणि शिकवणाऱ्यात, मग छर्ऱ्यांत. मॅच छर्ऱ्यांच्या डब्यात ५०० नग असतात. डब्यावरची किंमत ५०० ने भागा आणि एका छर्ऱ्याचा खर्च काढा. समजा तो तीन रुपये आला. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी ६० छर्रे म्हणजे पूर्ण मॅचएवढे, असा वर्षाचा सराव सव्वानऊ-साडेनऊ हजार छर्ऱ्यांचा होतो. खर्च अठ्ठावीस हजार. पहिल्याच दिवशी बंदुकीत दोन लाख घातले तर ते या दराने सात वर्षांचे छर्रे झाले! कपाटात ठेवलेली सुंदर रायफल आणि महिनाअखेर रिकामा डबा, अशी जोडी ज्या घरात असते तिथला मुलगा पुढे जात नाही. छर्ऱ्यांतही काटकसर करता येते, आणि तिने सराव बिघडत नाही, उलट सुधारतो. रेंजवर पहिली वीस मिनिटं ड्राय करा. छर्रा नसल्याने गुणांची धास्ती नसते, आणि ट्रिगर सुटताना फोरसाइट कुठे उडाली हे डोळ्यांना स्वच्छ दिसतं. आठवड्यातून एक दिवस टार्गेटच्या जागी कोरा पांढरा कागद लावा. काळा गोल नसला की मन फोरसाइटवरच राहतं आणि दहा छर्ऱ्यांचा ग्रुप, म्हणजे छिद्रांचा पुंजका, बहुतेकांचा लहान होतो.

स्वतःचं पिस्तूल नसताना घरी सराव कसा, हा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण रेंज आठवड्यातून तीन दिवस आणि घर रोज. यावर सुताराचा उपाय आहे. पिस्तुलाच्या मापाचा एक लाकडी ठोकळा करून घ्यायचा, मुठीला साजेसा, पुढे चार-साडेचार मिलिमीटर रुंदीची काळी पट्टी, मागे ३३ सेंटिमीटरवर पातळ पत्र्याची खाच, आणि पोटात लोखंड घालून वजन किलोच्या आसपास. खोलीत ३ मीटरवरच्या भिंतीवर १८ मिलिमीटरचा काळा गोल चिकटवायचा, रुपयाच्या नाण्याहून किंचित लहान. खरा गोल १० मीटरवर ५९.५ मिलिमीटरचा असतो, त्यामुळे डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. रेंजवर टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४ मीटर उंचीवर असतो. डोळ्याची उंची १.६ मीटर असेल तर ३ मीटरच्या खोलीत तो १.५४ मीटरवर येतो. आता पाय लावा, हात उचला, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, उघडा. ठोकळा गोलाच्या डावीकडे गेलेला दिसेल. हात ओढून उजवीकडे आणायचा नाही, मागचा पाय थोडा सरकवायचा आणि पुन्हा डोळे मिटायचे. शरीराची स्वाभाविक दिशा टार्गेटकडे वळली की हाताला ओढाताण करावी लागत नाही. या सरावाला विजेचंही बिल येत नाही. खरी एअरगन मात्र घरात किंवा गच्चीवर चालवू नये. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० जूलच्या आतल्या एअरगनला शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे परवाना लागत नाही आणि स्पर्धेची बंदूक साडेसात जूलच्या आसपासच असते. पण साडेसात जूल एखाद्याचा डोळा कायमचा घालवायला पुरेसे आहेत. रेंजवर प्रत्येक बंदुकीच्या नळीतून एक भडक रंगाची दोरी आरपार घातलेली असते, बंदूक रिकामी आहे हे लांबूनही दिसावं म्हणून. सगळ्या साहित्यात तिची किंमत सर्वांत कमी आणि मान सर्वांत मोठा. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा हात साबणाने धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही, हेही मुलांना पहिल्या दिवशीच सांगायला हवं.

सामायिक बंदूक प्रत्येकाच्या अंगाला बसत नाही, ही तक्रार खरी आहे. तिच्यावर वही हा उपाय. मॅच बंदुकीच्या दस्त्यावर, गालपट्टीवर, साइटच्या चाकांवर खुणा आणि आकडे असतात. आपले आकडे लिहून ठेवले की पाच मिनिटांत बंदूक आपली होते. त्याच वहीत रोजचे गुण आणि प्रत्येक चुकलेल्या छर्ऱ्यामागे काय झालं हेही लिहावं. नाशिकचे भीष्मराज बाम यांनी नेमबाजांच्या मनावर अनेक वर्षं काम केलं आणि 'विजयाचे मानसशास्त्र' हे पुस्तक मराठीतच लिहिलं; ज्याला प्रशिक्षक रोज भेटत नाही त्याने ते जवळ ठेवावं. स्पर्धेला उतरायलाही स्वतःच्या बंदुकीची वाट पाहू नये. जिल्हा आणि शालेय स्पर्धा, मग कॅप्टन इझिकिएल यांच्या नावाने होणारी राज्य स्पर्धा, मग मावळंकर स्पर्धा आणि राष्ट्रीय, असा हा जिना आहे. मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब. मूळ रत्नागिरी जिल्ह्यातलं घराणं, आणि १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना सुरू झाली तेव्हाचे तिचे पहिले अध्यक्ष. पहिल्या मॅचमध्ये छाती धडधडते आणि सरावातले वीस-तीस गुण गळतात. ते लवकर गळलेले बरे.

बंदूक घ्यायची वेळ कधी आली, हेही वहीच सांगते. पिस्तुलात सलग पाच मॅच ६०० पैकी ५४० च्या वर गेल्या, सरासरी नऊ झाली, आणि चुकांच्या रकान्यात 'ट्रिगर झटकला' ऐवजी 'पकड आज वेगळी लागली' असं वारंवार यायला लागलं, की सामायिक पिस्तूल आता अडवू लागलं आहे असं समजावं. हा ५४० चा आकडा माझा अंदाज आहे, कुठल्या नियमपुस्तकातला नाही. तेव्हाही वापरलेलं पिस्तूल आधी पाहावं. सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचायची. बहुतेक उत्पादक सिलिंडर दहा वर्षांपर्यंतच वापरा असं सांगतात, आणि मुदत संपत आलेली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत व्यवहारातून वजा करून घ्यायची. ते भरून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी दाब उतरला का पाहायचं. कारखान्यातून आलेलं पाच छर्ऱ्यांचं टेस्ट कार्ड विक्रेत्याकडे असेल तर मागायचं. पाचही छर्ऱ्यांचं मिळून एकच छिद्र त्यावर दिसायला हवं. बिलाशिवाय व्यवहार करू नये. मग लाकडी ग्रिपकडे वळायचं. ती दुसऱ्याच्या हाताची असणार. जिथे पोकळी लागते तिथे लाकडाची लांबी (पुट्टी) भरायची, ओली असतानाच मुठीचा ठसा उमटवायचा, वाळली की पॉलिश पेपरने घासायचं आणि पुन्हा धरून पाहायचं. असं महिनाभर चालतं. ग्रिपने हाताला वेढा घालता कामा नये आणि अख्खं पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या खोक्यात बसलं पाहिजे, असा नियम आहे. म्हणून लांबी चढवताना अधूनमधून त्या मापाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात पिस्तूल ठेवून बघायचं. बहुतेकांचं अडतं ते ५० मिलिमीटरच्या रुंदीत, अंगठ्याखालच्या उंचवट्यापाशी.